नेढ्याखालची वाळू

सह्याद्रीत भटकणाऱ्याला नेढं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सुईच्या नेढ्यासारखं कातळाला आरपार पडलेलं भोक. राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्यात मी कितीदा तरी जाऊन बसले आहे. तिथे वारा असा भणाणतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून लेकीने युटामधल्या आर्चेस नॅशनल पार्कचा बेत सांगितला, तेव्हा मला फार आनंद झाला. तिथे अशी दोन हजारांहून जास्त नेढी आहेत. भोक तीन फुटांचं असलं तरी त्याची मोजणी होते.

ऑक्टोबरातल्या सकाळी आम्ही डेव्हिल्स गार्डनच्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना तांबूस वालुकाश्माच्या उंच, अरुंद भिंती. लेक सांगत होती, "३० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो आटला आणि मिठाचे जाड थर राहिले." वर खडकाचं ओझं वाढत गेलं तसं मीठ सरकलं, कुठे फुगून वर आलं, आणि वरच्या खडकाला समांतर भेगा पडल्या. भेगा रुंदावल्या, भिंती सुट्या झाल्या. पाणी त्यांच्यात मुरतं, वाळूचे कण धरून ठेवणारा चुना विरघळवतं, थंडीत गोठून खपल्या पाडतं. असं होत होत भिंतीला नेढं पडतं.

समोरून माणसं आली म्हणून मी बाजूला सरले, तोच लेक ओरडली, "आई, तिथे पाय नको!" वाटेलगतची माती काळपट, खडबडीत होती. वाकून पाहिलं तर बोटाच्या पेराएवढे बुरूज उभे. ती माती जिवंत असते. सूक्ष्म जिवाणू, दगडफूल आणि शेवाळ तिला धरून ठेवतात. एक पाऊल पडलं तरी ती भरून यायला कित्येक वर्षं लागतात. मी पाय मागे घेतला.

दीड किलोमीटरवर लँडस्केप आर्च समोर आली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३०६ फूट, आणि मध्ये इतकी बारीक की श्वास रोखला गेला. १ सप्टेंबर १९९१ला तिच्याखाली लोक विसावले होते. कडकड ऐकून ते पळाले आणि सुमारे ६० फूट लांबीची शिळा खाली आली. तेव्हापासून खालची वाट बंद आहे. पुढची वॉल आर्च तर ऑगस्ट २००८मध्ये एका रात्रीत कोसळली. पाहायला कुणी नव्हतं.

इतक्या लांब येऊन कमानीखाली जाता येणार नाही, याचं आधी वाईट वाटलं. मग वाटेवरची चिमूटभर वाळू बोटांत चोळली. रव्यासारखी, तांबूस. इथल्याच दगडांची. एकेक कण असा निसटला म्हणून कमान झाली, आणि तसाच निसटत राहिला की ती पडेल. घडणं आधी आणि पडणं नंतर असं इथे नाहीच. दोन्ही एकच काम आहे, आणि ते माझ्यासमोर चालू होतं. चिमूट मी वाटेवरच सोडली.

परतल्यावर पुन्हा राजगडावर गेले. इतकी वर्षं नेढ्यात बसून मी पलीकडचा मुलुख पाहत आले होते. या वेळी आधी डोक्यावरचा दगड पाहिला, त्यावर हात ठेवला, आणि मगच बसले.