गाडी रात्रभर उभी राहू द्या

माझा धाकटा भाऊ पंधरा वर्षं कुवेतमध्ये एका घरी ड्रायव्हर होता. त्या घरी मोठ्या जर्मन एसयूव्ही होत्या. तो त्या चालवायचा, धुवायचा, पोरांना शाळेत सोडायचा. पण मागच्या सीटवर कधी बसला नाही. दोन वर्षांपूर्वी तो कायमचा मिरजेला परत आला. त्याच सुमारास अब्बांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. रिक्षातून दवाखान्यात जाताना प्रत्येक खड्ड्याला अब्बा डोळे मिटून घ्यायचे. ते पाहून धाकटा म्हणाला, "भाई, मी एक गाडी घेतो. अब्बांना खड्डा कळलाच नाही पाहिजे, अशी."

नवी घेणं शक्य नव्हतं. पण या गाड्यांची गंमत अशी की त्यांचा भाव झपाट्याने उतरतो. दहा वर्षांची मोठी एसयूव्ही नव्या मध्यम गाडीच्या पैशात मिळते. सापळा तिथेच आहे. गाडीचा भाव उतरतो, तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही.

पुण्यात आमच्या दुलाभाईंच्या मामेभावाकडे अशी एक गाडी विकायला होती. त्याने मोबाइलवर फोटो आणि चार ओळी पाठवल्या. स्पोर्ट पॅकेज, एअर सस्पेन्शन, ॲडॅप्टिव्ह, सगळे ऑप्शन. मी उर्दू-मराठीचा शिक्षक. इंजिनातलं मला काही कळत नाही. पण घरात कुठलाही कागद आला की तो माझ्याकडे येतो, तसा हाही मजकूर आला. शब्दांचा अर्थ लावणं हाच माझा धंदा, म्हणून मी तो एखाद्या उताऱ्यासारखा वाचायला घेतला.

सुरुवात अब्बांपासून केली. अब्बांनी तीस वर्षं एसटी चालवली. सस्पेन्शन म्हणजे त्यांच्या भाषेत पाटे. लोखंडी पट्ट्या एकावर एक बांधून केलेली कमान. हा 'कमान' शब्द फारसीतून आला. उर्दूत स्प्रिंगला 'कमानी' म्हणतात आणि मराठी घड्याळजीही कमानीच म्हणतो. अब्बा म्हणाले, "कमान वजन झेलते. पण झेललं की ती नाचते. नाचणं थांबवायला शॉकॲब्सॉर्बर. दोन्ही वेगळे." माझ्या सगळ्या वाचनाचं सार या एवढ्यात होतं. जाहिरातीतला प्रत्येक शब्द या दोघांपैकी कुणाबद्दल आहे, ते विचारायचं.

मग एकेक शब्द सुटत गेला. साध्या प्रकारात लोखंडी स्प्रिंग आणि साधे शॉकॲब्सॉर्बर असतात. 'ॲडॅप्टिव्ह' हा शब्द बहुतेक वेळा शॉकॲब्सॉर्बरबद्दल असतो. त्याचा कडकपणा विजेवर बदलतो, स्प्रिंग मात्र लोखंडीच असू शकते. 'एअर' म्हणजे लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचा हवेने भरलेला फुगा. कॉम्प्रेसर त्यात हवा भरतो, प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर उंची सांगतो आणि गाडीतला संगणक ती सारखी राखतो. माणसं बसली, सामान चढलं, तरी गाडी मागून बसत नाही. अब्बा लगेच म्हणाले, "म्हणजे शिवनेरीला असतात ते फुगे." बरोबर, तेच.

हे तंत्र नवं नाही. फ्रान्सच्या सित्रोएनने १९५५ साली डीएस या गाडीत तेल आणि वायूच्या जोरावर तरंगणारं सस्पेन्शन दिलं होतं. रेंज रोव्हरमध्ये १९९२ साली हवेचे फुगे आले. मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये १९९८ साली 'एअरमॅटिक' आलं. घोळ पुढे होतो, कारण एकाच नावाच्या गाडीत आत वेगवेगळी हाडं असतात. पहिल्या पिढीची ऑडी क्यू-७ लोखंडी स्प्रिंगवरही विकली गेली आणि एअरवरही. मर्सिडीजच्या जुन्या जीएलला एअर मुळातच होतं, तिच्या धाकट्या एमएलला ते जादा पैसे भरून घ्यावं लागे. २००६ ते २०१३ या काळातल्या बीएमडब्ल्यू एक्स-५ ला पुढे लोखंडी स्प्रिंग असत, मागे मात्र काहींना हवेचे फुगे. तिच्या 'ॲडॅप्टिव्ह ड्राइव्ह' या ऑप्शनमध्ये वळणावर गाडी कलू न देणारी यंत्रणा आणि बदलते शॉकॲब्सॉर्बर एकत्र यायचे, पण ते एअर सस्पेन्शन नव्हे.

आणि 'स्पोर्ट पॅकेज'? कुठे त्याचा अर्थ कडक सस्पेन्शन, कुठे नुसतं वेगळं बंपर आणि मोठी चाकं. मोठ्या चाकांचा हिशोब मी वहीवर केला. २५५/५५ आर १८ या टायरची बाजूची भिंत म्हणजे २५५ चे ५५ टक्के, १४० मिलिमीटर. २७५/४५ आर २० ची सुमारे १२४. म्हणजे रस्ता आणि माणूस यांच्यामधली रबराची गादी १६ मिलिमीटरने कमी. दिसायला गाडी रुबाबदार, पण अब्बांच्या मणक्याला त्या रुबाबाचा काय उपयोग?

गाडीत खरोखर काय आहे हे कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे सतरा अक्षरांचा चॅसी नंबर. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तो दिला की कारखान्यातून निघताना गाडीत काय बसवलं होतं ते कळतं. दुसरी खूण आतच असते. गाडी वर-खाली करण्याचं बटण किंवा मेनू असेल तर एअर आहे. नुसतं 'कम्फर्ट' आणि 'स्पोर्ट' लिहिलेलं बटण असेल तर ते कधी फक्त स्टिअरिंग आणि ॲक्सिलरेटरचा स्वभाव बदलतं.

एका रविवारी आम्ही तिघं पुण्याला गेलो. पोचलो तेव्हा गाडी सुरूच होती. आत एसी गार करून ठेवलेला. मामेभाऊ म्हणाला, "अब्बांना गरम नको व्हायला." मला फार बरं वाटलं. चालवून पाहिली. धाकट्याचा हात स्टिअरिंगवर असा पडला, जसा वर्षांनी भेटलेल्या घोड्याच्या मानेवर पडावा. अब्बा मागे बसले होते. एका गतिरोधकावरून गाडी अलगद गेली आणि अब्बा म्हणाले, "गेला का? कळलंच नाही."

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो तिथेच बयाना द्यायला निघाला. पैसे त्याचे, पंधरा वर्षांचे. मध्ये बोलणं मला जड गेलं. पण वाचलेली एक गोष्ट डोक्यात होती. एअर सस्पेन्शनची गाडी सुरू असताना पाहू नये. फुग्याच्या रबराला वयाने घडीवर भेगा पडतात, हवा हळूहळू झिरपते. गाडी सुरू केली की कॉम्प्रेसर ती भरून काढतो आणि सगळं ठीक दिसतं. रोज असं जादा काम करून एक दिवस कॉम्प्रेसरही जळतो.

मी म्हणालो, "गाडी आजची रात्र आपाच्या सोसायटीत उभी करू का? सकाळी किल्ली देतो."

तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "सर, आपल्याच लोकांवर भरोसा नाही?"

दुलाभाई माझ्याकडे बघत होते. अशा वेळी आपल्याकडे माणूस मान खाली घालतो आणि हो म्हणतो. नात्यातला व्यवहार, तपासायचं कसलं? मला वाटतं, उलट आहे. अनोळख्याकडून फसलो तर पैसे जातात. नात्यात फसलो तर पैसेही जातात आणि ईदचं येणं-जाणंही. मी एवढंच म्हणालो, "भरोसा आहे म्हणूनच विचारतोय." किल्ली मिळाली.

संध्याकाळी कोंढव्यात, सपाट जागेवर, गाडी सुरू असताना मी टेपने मोजलं. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत. पुढे दोन्ही बाजूंना ४७ सेंटिमीटर. फजरच्या नमाजानंतर पुन्हा मोजलं. उजवीकडे साडेशेहेचाळीस. तेवढं चालतं, थंडीने हवा आक्रसते. डावीकडे ४१. गाडी एका गुडघ्यावर बसल्यासारखी दिसत होती. सोसायटीजवळच्या गॅरेजवाल्याने फुग्यावर साबणाचं पाणी मारलं. घडीजवळ बुडबुडे आले. कॉम्प्रेसरचा आवाजही तो बराच वेळ ऐकत राहिला. म्हणाला, "एक गेला की दुसराही फार टिकत नाही. जोडीने बदला." एका बाजूचा खर्च चांगल्या मोटारसायकलीएवढा होता. काही लोक हे सगळं काढून लोखंडी स्प्रिंग बसवतात, हेही त्याने सांगितलं. म्हणजे जाहिरातीत एअर आणि खाली लोखंड, असंही असू शकतं.

किल्ली परत देताना मामेभावाने वाद घातला नाही. "सुरू केली की वर येते ना," एवढंच म्हणाला. भाव उतरवायलाही तयार झाला. धाकट्याने नको म्हटलं. मी गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खोट कंपनीची नव्हती, वयाची होती. रबर म्हातारं होतंच. ते झाकलं गेलं, एवढीच तक्रार.

परतताना बराच वेळ कुणी बोललं नाही. मला लहानपणी ऐकलेला तो प्रसंग आठवत होता. बाजारात पैगंबरांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तो आतून ओला लागला. तेव्हा ते विक्रेत्याला म्हणाले, ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. 'ऐब' हा शब्द उर्दूत आहे, मराठीतही आहे. वर्गात मी तो दोन्ही तासांना शिकवतो.

आणि मग माझी स्वतःची जुनी हॅचबॅक आठवली. २०१६ साली मी ती शाळेतल्या एका सहकाऱ्याला विकली. तिच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत होतं. ते येण्याआधी मी ते फडक्याने पुसलं होतं. महिन्याभराने त्यांनी दोन्ही बदलले, स्टाफरूममध्ये हसत सांगितलं. मी चहा पीत बसलो होतो. एसी गार करून ठेवणारा माणूस आणि फडकं घेऊन बसलेला मी, यांत काय फरक?

पुढच्या जुम्याला त्यांच्या घरी गेलो. आता ते निवृत्त झालेत. सगळं सांगितलं, पैसे पुढे केले. ते थोडा वेळ बघत राहिले. म्हणाले, "सर, आजूबाजूला एवढी धूळ आणि तेवढीच जागा स्वच्छ. मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं."

त्यांनी पैसे घेतले, न मोजता खिशात ठेवले आणि आत चहा सांगितला.

धाकट्याने तीन महिन्यांनी दुसरी गाडी घेतली. लोखंडी स्प्रिंगची, अठरा इंची चाकांची, आधीच्या मालकाने बुशिंग बदलल्याच्या पावत्यांसकट. ती तरंगत नाही. खड्डा कळतो. पण अब्बा आता डोळे मिटत नाहीत, आणि रोज सकाळी गेटपाशी जाऊन चारही चाकांवर वीत लावून बघतात.