टाक्यातला गाळ

गडावर पहिल्यांदा श्रमदानाला गेलं की अंगमेहनतीचं फारसं काही वाटत नाही. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हेच मुळात कळत नाही आणि त्यानेच माणूस गांगरून जातो.

गुंजवणे गावातून चोर दरवाज्याच्या वाटेने राजगडाच्या पद्मावती माचीवर पोचलो, तेव्हा दिवस नुकताच तापायला लागला होता. झाडू, विळे, घमेली, फावडी, दोरखंड असं सगळं सामान आम्हीच वर आणलेलं. मला वाटलं, आता कामाला लागायचं. पण गटाच्या दादांनी सगळ्यांना सावलीत बसवलं आणि काय काय करायचं नाही ते सांगायला घेतलं. पडलेला दगड उचलून बाजूला रचायचा नाही. तटात उगवलेलं झाड उपटायचं नाही. जमीन खणायची नाही. मातीत काही सापडलं तर ते तसंच ठेवून हाक मारायची. राजगड हे राज्य संरक्षित स्मारक. १९६०च्या कायद्याखाली तिथे पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय डागडुजी करता येत नाही, खोदकाम तर नाहीच नाही. दादांनी परवानगीचं पत्र वाचून दाखवलं. एका टाक्यातला गाळ काढणं आणि माचीवरचा कचरा उचलणं, एवढीच मुभा होती.

मी तटाकडे बघत होते. दोन दगडांच्या सांध्यातून पिंपळाचं हातभर रोप डोकावत होतं. एका हिसक्यात निघालं असतं. "तेच करायचं नाही, ताई," दादा म्हणाले. "मूळ किती आत गेलंय ते आपल्याला दिसत नाही. रोप ओढलं की मुळाबरोबर चुना येतो, चुना गेला की दगड सुटतो आणि एक दगड सुटला की पावसाळ्यात चार जातात." असं झाड वरून छाटायचं, बुंध्यावर औषध लावून ते जागेवरच मरू द्यायचं आणि मग सांधा चुन्याने भरायचा. हे सगळं विभागाच्या देखरेखीखाली, जाणत्या कारागिरांनी करायचं. आमच्या वाट्याला फक्त त्या जागेचा फोटो काढून नोंद करणं आलं.

चुन्याचंही तसंच. सिमेंटची दोन पोती आणून भेगा का बुजवत नाहीत, असा प्रश्न माझ्या मनात होता आणि तो मी विचारलाही. सिमेंट कडक असतं आणि भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही. कोंडलेलं पाणी मग जुन्या दगडालाच खातं. चुना मऊ असतो, ओल सोडतो. म्हणून चुना भिजत घालायचा, वाळूबरोबर घाण्यात मळायचा, त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घालायचा, असा खटाटोप आजही करावा लागतो. घाईच्या माणसाचं ते कामच नव्हे.

मग टाकं. वरून पाहिलं तर हिरवट पाण्याचा चौकोनी खड्डा आणि त्यावर तरंगणाऱ्या बाटल्या. बादल्यांनी पाणी उपसलं, दोघंतिघं आत उतरले आणि बाकीच्यांनी वरपर्यंत साखळी धरली. घमेलं हातात यायचं, पुढे द्यायचं. पहिल्या घमेल्यांत वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल. हे सगळं आमच्यासारख्यांनीच टाकलेलं. त्याखाली काळा, वास मारणारा चिखल. त्याखाली राखाडी, चिकट गाळ आणि त्यात विटकरी रंगाचे खापराचे तुकडे दिसायला लागले. काम थांबलं. मला ते फुटक्या कौलासारखे वाटले होते. दादांनी जागेचा फोटो काढला, खोली मोजली, तुकडे पिशवीत घालून चिठ्ठी लावली आणि ती पिशवी विभागाकडे द्यायची म्हणून वेगळी ठेवली. तेव्हापासून प्रत्येक घमेलं रिकामं करण्याआधी बोटांनी चाचपायचं ठरलं. कामाचा वेग एकदम मंदावला आणि ते योग्यच होतं.

दुपारपर्यंत पाणी आणि गाळ इतका खाली गेला, की टाक्याची भिंत उघडी पडली. काळ्या कातळावर छिन्नीचे तिरपे, एकासारखे एक घाव. मी त्यावरून हात फिरवला. काठ अजून बोटाला लागत होते. टाकं खोदताना निघालेला दगड तटाला आणि बुरुजांना वापरायचा, अशी गडबांधणीची रीत. म्हणजे पाण्याची सोय आणि भिंतीचा दगड एकाच कामात. रायगडाआधी सुमारे पाव शतक जिथून शिवाजी महाराजांनी राज्य चालवलं, त्या गडावर प्यायला एकही नदी नाही. बरंचसं पाणी आहे ते असंच, कातळ फोडून साठवलेलं.

जेवायला खालच्या गावातल्या मावशी पिठलं-भाकरी आणि ठेचा डोक्यावरून घेऊन आल्या होत्या. टाक्याच्या काठावर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "गुरं घेऊन वर यायचो ना, तवा हेच पाणी प्यायचो. मग पब्लिक वाढलं आन् पाणी नासलं." दसऱ्याला गडाच्या दरवाज्यांना झेंडूची तोरणं बांधायला आणि दिवाळीत मशाली लावायला शहरातून किती गर्दी होते, हेही त्यांनी सांगितलं. मला ते उत्सव मनापासून आवडतात. सजलेला दरवाजा पाहून आलेलं पोर पुढे गडाशी बांधलं जातं, असं मला वाटतं. पण तोरणाची सुकलेली फुलं, सुतळ्या आणि तेलाचे डबे दुसऱ्या दिवशी मावशींच्या गावातली माणसं उचलतात, हेही खरं. ज्या गटाने तोरण बांधलं, त्यानेच ते उतरवायला यायला हवं.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदवले. त्यांत राजगड आहे. आता वर येणारी माणसं वाढणार आणि मदत करू इच्छिणारे हातही वाढणार. नवख्यांनी जरूर यावं. काही येत नसलं तरी चालतं, घमेलं पुढे देता आलं की पुरे. पावसाळ्याच्या आधी टाक्यांची कामं निघतात, तेव्हा हातांची खरी गरज असते. फक्त नाव नोंदवण्याआधी गटाला एक विचारा: पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी आहे का? नसेल, तर त्या गटाबरोबर जाऊ नका.