कोळशात होते

द हेगला नोकरीसाठी आल्यापासून कोणी बाबांबद्दल विचारलं, की मी ‘सरकारी नोकरीत होते’ एवढंच सांगायची. ते खोटं नव्हतं. पण चंद्रपूरच्या भूमिगत खदानीत त्यांनी एकतीस वर्षं पाळ्या केल्या, माझी इंजिनिअरिंगची फी कोळशातून भरली गेली, हे हवामानाची काळजी करणाऱ्या इथल्या मित्रमंडळींत तोंडातून निघत नसे.

माझी ही अडलेली जीभ मोकळी केली वानुआतूच्या एका मुलीनं. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात हवामानबदलाची सुनावणी होती. त्यासाठी आलेल्या तरुणांना राहायला घरं हवी होती आणि माझ्याकडे एक सोफा रिकामा होता. हवामानाबाबत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी काय, हे या न्यायालयानं सांगावं, ही मागणी २०१९ मध्ये पोर्ट व्हिलात कायदा शिकणाऱ्या पॅसिफिक बेटांवरच्या २७ विद्यार्थ्यांनी उचलली. वानुआतू सरकारनं ती संयुक्त राष्ट्रांत नेली आणि मार्च २०२३ मध्ये आमसभेनं ठराव केला. त्याच महिन्यात तीन दिवसांत दोन चक्रीवादळं वानुआतूच्या बेटांवरून गेली. माझ्या या पाहुणीच्या आईचा सुरणाचा मळा त्यात गेला. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही.

दुसऱ्या रात्री ती भिंतीवरच्या फोटोपुढे थांबली. फोटोत बाबा होते, टोपीवर दिवा, कमरेला बॅटरी.

“कोळशात होते?”

मी मान हलवली आणि उगाच सफाई द्यायला लागले. तिनं मधेच विचारलं, “खाण बंद होईल तेव्हा पुढे काय, हे त्यांना कधी कोणी विचारलं?”

मीही विचारलं नव्हतं. तिला कोळसा थांबायला हवा होता, तरी तिला पहिली आठवण खाणकामगाराची झाली.

दुसऱ्या दिवशी फोन केला तर बाबांचा पहिला प्रश्न, “पोरीले जेवू घातलं का?” मग खोकत म्हणाले, “खदान कधी ना कधी सरतेच. सरायच्या आंधी आमाले बी बोलवा म्हणा.”

मी ते तिला इंग्रजीत सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं.

२३ जुलै २०२५ रोजी न्यायालयानं एकमतानं मत दिलं. कोळसा-तेलाचं उत्पादन, शोधाचे परवाने, अनुदानं यांना आवर न घालणं हे राष्ट्राचं बेकायदा कृत्य ठरू शकतं, असं त्यात म्हटलं आहे. नोव्हेंबरात ब्राझीलमधल्या बेलेमच्या हवामान परिषदेत कोलंबिया आणि नेदरलँड्स यांनी या इंधनांपासून दूर जाण्यासाठी वेगळी परिषद जाहीर केली. जागा सांता मार्ता, जिथून कोलंबियाचा कोळसा जहाजांत चढतो. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “म्हंजे खदानवाल्याइच्या गावातच. बरं केलं.”

तिच्या बेटावर मी अजून गेलेली नाही, तिच्या आईच्या मळ्यासाठी काही केलेलंही नाही. परवा शेजारच्या डच आजींनी फोटोकडे पाहून विचारलं, वडील काय करायचे?

“कोळशात होते,” मी म्हटलं, आणि चहा ठेवला. सांगण्यासारखं बरंच होतं.