सामाईक जीप

वडिलांच्या पश्चात आम्हां दोघा बंधूंत घर वाटले गेले, जमीन वाटली गेली. जीप मात्र वाटता येईना. विलीज कंपनीच्या परवान्याने महिंद्र कंपनीने आपल्या देशात बांधलेल्या सीजे-३बी जातीची ही गाडी. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ साली थांबले. आपल्याकडे ती पुढेही पुष्कळ वर्षे बनत राहिली. शेवटी असे ठरले की, सहा महिने तिने देवासला आमच्या दारी राहावे व सहा महिने धारला धाकट्या बंधूंच्या दारी. आमच्या देवासला हा प्रकार नवा नव्हे. तुकोजी व जिवाजी पवार या दोघा भावांनी १७२८ साली येथे राज्य मांडले, आणि पुढे एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने १९४८ पर्यंत नांदली. त्यांचे कसे निभावले ते इतिहासकार जाणोत; आमचे काही निभेना.

निमित्त झाले पुढच्या चाकांचे. वेग ताशी चाळीसच्या वर गेला आणि वाटेत खड्डा लागला की, चाके अशी थडथडू लागत की स्टीअरिंग हाती ठरत नसे. आम्ही म्हणावे, मांडूकडच्या नाल्यांतून गाडी घालून बंधूंनी तिची ही दशा केली. बंधूंनी म्हणावे, दादांनी डागडुजीत हात आखडला. आम्ही टायर बदलले, टाय-रॉडची टोके बदलली. थडथड होती तेथेच. अखेर एके दिवशी इंदूरच्या रस्त्यावर, नात शेजारी बसलेली असता, गाडी समोरच्या ट्रकच्या अंगावर ओढली गेली. कशीबशी सावरली. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध मिस्त्रींना घरी आणले. त्यांनी मागील चाकांना दगड लावले, पुढचे चाक जॅकवर उचलले आणि वर-खाली धरून हलविले. चाक हलले. मग त्यांनी आम्हांस ब्रेक दाबून धरावयास सांगितले. ब्रेक दाबताच हलणे थांबले, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. न थांबले, तर किंगपिनचा. ते थांबले नाही. एवढी साधी परीक्षा आम्हांस ठाऊक असती, तर टायरांचे पैसे वाचले असते!

या गाडीच्या पुढच्या आसाच्या टोकाला लोखंडाचा पोकळ गोळा असतो. त्यावर चाकाचा सांधा टोपणासारखा बसतो, आणि वर एक व खाली एक अशा दोन आखूड खिळ्यांवर, म्हणजेच किंगपिनांवर, वळतो. प्रत्येक खिळ्याला निमुळते बेअरिंग. चाकाला ओढ देणारा दांडा गोळ्याच्या पोटातून जातो. आत वंगण असते, आणि चिखल-पाणी आत जाऊ नये म्हणून बाहेरून नमद्याचे कडे.

मिस्त्रींनी हब, ड्रम, स्पिंडल उतरवून सांधा उघडला, तो आतून तांबूस काळा चिखल ओघळला. खालच्या बेअरिंगच्या वाटीवर रोलरांचे वळ उमटलेले. नमदा झिजून चिंधी झालेला. मिस्त्री म्हणाले, "नाल्याचं पाणी आत गेलं खरं, पण नमदा धड असता तर ते एवढं शिरलं नसतं."

आता येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी बंधूंनी हा नमदा बदलण्यास आम्हांस बजावले होते. खर्चाचा अर्धा भागही पाठविला होता. तो पैसा आमच्या घरात दुसरीकडे खर्च झाला. पत्नीला हे ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी तिला सांगितले. नंतर धारला फोन केला. बंधू थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रविवारी येतो, दादा. मिस्त्रींना एकट्याला जड जाईल."

नवी बेअरिंगे बसली, पण खरे काम पुढेच होते. किंगपिनच्या झाकणाखाली पत्र्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या असतात. त्यांना शिम म्हणतात. एक घातली तर सांधा सैल होतो, एक काढली तर आवळतो. रद्दीवाल्याकडून स्प्रिंगचा काटा मागून आणला. टाय-रॉड सोडलेला, नमदा अजून चढवलेला नाही, कारण त्याच्या घर्षणाने वजन खोटे येते. काटा सांध्याच्या टोकाला अडकवून बंधू हळूहळू ओढीत होते. दोन ते अडीच किलोच्या ओढीला सांधा वळला पाहिजे. प्रथम साडेचार आले. एक शिम घातली, तो एकावर घसरले. बारीकशी काढली, सव्वादोन! दुसऱ्या बाजूचा हिशेब निराळाच निघाला, म्हणून मिस्त्रींनी उरलेल्या शिमा दोन पुड्यांत बांधून त्यांवर 'डावी' व 'उजवी' असे लिहिले. नवा नमदा तेलात भिजवून चढवला तेव्हा दिवेलागण झाली होती.

चाचणीस बंधूंनी गाडी हाकली, आम्ही शेजारी बसलो. पन्नासला खड्डा लागला. स्टीअरिंग जागचे हलले नाही. दोघेही बोललो नाही. पाळी आमची होती, तरी गाडी त्यांच्याबरोबर धारला धाडली. नमद्याचे राहिलेले पैसे पुढच्या पेटीत शिमांच्या पुड्यांजवळ ठेवून दिले.