घडी घालून पाहा

मुलांनो, तुम्ही पतंग उडवला आहे ना? उडवला नसेल, तर आकाशात उडताना नक्की पाहिला असेल. आज मी तुम्हांला एका पतंगाची गोष्ट सांगणार आहे. मी गणित शिकवणारी बाई. पण त्या दिवशी एका पतंगाने मलाच धडा शिकवला.

सोलापूरहून विजापूरला जाताना वाटेत मंद्रूप हे गाव लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे गाव. भोवती ज्वारीची शेते. गावात मराठीबरोबर कन्नड आणि उर्दूही कानांवर पडते. या गावात मी पुष्कळ वर्षांपूर्वी शिक्षिका होते.

एकदा मी वर्गाला सममिती शिकवली. कागदावरच्या आकृतीची घडी घालायची. दोन्ही भाग एकमेकांवर तंतोतंत बसले, तर ती आकृती सममित. घडीची जी रेषा, तो सममितीचा अक्ष. मुलांनी वडाची पाने आणली, फुलपाखरांची चित्रे काढली. सर्वांना विषय समजला, असे मला वाटले. मग मी एक लहानशी परीक्षा घेतली. तिच्यात एक प्रश्न होता : 'पतंगाला सममितीचे किती अक्ष असतात?'

भूमितीत 'पतंग' नावाचा एक चौकोन आहे. त्याच्या वरच्या दोन बाजू सारख्या असतात आणि खालच्या दोन बाजू सारख्या असतात. त्याला एकच अक्ष असतो. बहुतेक मुलांनी 'एक' असे उत्तर लिहिले. एका मुलाने मात्र 'चार' लिहिले. मी लाल शाईने फुली मारली आणि पुढची वही घेतली.

तो मुलगा नेहमी पहिल्या बाकावर बसून हात वर करायचा. दुसऱ्या दिवशी त्याने हात वर केला नाही. तिसऱ्या दिवशी तो मागच्या बाकावर जाऊन बसला. मी कामाच्या गडबडीत होते. माझ्या ते लक्षात आले. पण मी त्याला काही विचारले नाही.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला. त्याच्या हातात लाल रंगाचा पातळ कागद होता. तो म्हणाला, "बाई, मी घरी पतंग बनवतो. कागद असाच कापतो."

त्याने कागद टेबलावर पसरला. तो चौरस होता. त्याने उभी घडी घातली; कडा जुळल्या. आडवी घडी घातली, कडा जुळल्या. मग एका कोपऱ्यावर समोरचा कोपरा ठेवला, तेही जुळले. उरलेले दोन कोपरे ठेवले; तेही जुळले. कागद उघडला, तर त्यावर चार घड्या स्पष्ट दिसत होत्या.

"चार झाले ना, बाई?" त्याने हळूच विचारले.

मी गप्प झाले. मुलगा खरे बोलत होता. मी पुस्तकातला पतंग विचारला होता, त्याने हातातला पतंग सांगितला होता. आपल्याकडे उडवायचा पतंग बहुधा चौरस कागदाचाच करतात. आपण तो कोपऱ्यावर उभा धरतो, म्हणून वेगळा दिसतो. चौरस फिरवला तरी चौरसच राहतो. शिवाय लगतच्या दोन-दोन बाजू सारख्या असणे, ही पतंगाची अट चौरस पूर्ण करतोच. म्हणजे प्रत्येक चौरस हा पतंगही असतो; पण प्रत्येक पतंग चौरस नसतो.

मी त्याला विचारले, "कामट्या लावल्यावर किती अक्ष राहतील?"

त्याने थोडा विचार केला. एक कामटी उभी असते. दुसरी कमानीसारखी वाकवलेली असते. खाली शेपटी असते. तो हसून म्हणाला, "मग एकच, बाई. उभ्या कामटीवरचा. दोन बाजू सारख्या नसल्या, तर पतंग एकीकडे झुकतो."

दुसऱ्या दिवशी मी त्याची वही वर्गासमोर मागून घेतली. फुली खोडली आणि पूर्ण गुण दिले. वर्गाला म्हणाले, "चूक माझी होती. मी उत्तर पाहिले. ते कसे काढले, हे विचारले नाही." तो मुलगा पुन्हा पहिल्या बाकावर आला.

आता तुम्हीही वहीचे एक पान घ्या. पान आयताकृती असते. मधोमध उभी आणि आडवी घडी घाला, दोन्ही जुळतील. आता कर्णावर घडी घाला. कोपरे जुळले का? नाही. पण त्याच कर्णावर पान कापले, तर दोन सारखे त्रिकोण मिळतात! म्हणजे दोन भाग सारखे असले, तरी घडी जुळेलच असे नाही. आयताला अक्ष दोनच. समभुज त्रिकोणाला तीन. वर्तुळाला मात्र मोजता येणार नाहीत इतके.

पुढे आमच्या शाळेची सहल विजापूरला गेली. मंद्रूपहून निघाले, की भीमा नदी ओलांडून कर्नाटकात जाता येते. विजापूरला मुहम्मद आदिलशाहाची कबर असलेला गोल घुमट आहे. हा बादशाह 1656 मध्ये वारला. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर आहे. पण आत आधाराला एकही खांब नाही. खालची इमारत चौरस आणि वरचा घुमट गोल. चौरसावर गोल कसा बसवला? मुलांना पडलेला प्रश्न हाच होता.

मी वहीत एक चौरस काढला. त्यावर तेवढाच दुसरा चौरस तिरपा काढला. आठ टोकांचा तारा तयार झाला. कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी अशाच दोन चौरसांच्या रेषांवर उभारल्या आणि त्यांवर घुमट तोलून धरला.

पतंगवाला मुलगा वहीत डोकावून ओरडला, "बाई, दुसरा चौरस म्हणजे माझा पतंग!" त्याचा आवाज घुमटात पुन्हा पुन्हा घुमला. सगळा वर्ग हसला. मीही हसले.

मुलांनो, तुमच्या उर्दू गणितात चौरसाला 'मुरब्बा' म्हणतात. मराठीत मुरंबा म्हणजे कैरीचा गोड पदार्थ! नाव बदलले, तरी चार बाजू आणि चार काटकोन बदलत नाहीत. म्हणून नावावर किंवा नुसत्या दिसण्यावर विसंबू नका. पुस्तक चुकले असे वाटले, बाई चुकल्या असे वाटले, तर मागच्या बाकावर जाऊन बसू नका. कागद घ्या, घडी घाला आणि दाखवा.

तो लाल कागद मी अजून जपून ठेवला आहे. त्याच्या चारही घड्या अजून दिसतात.