पावसाचा स्वभाव

पावसाची सरासरी हा आम्हां लातूरकरांचा दूरचा नातेवाईक. नाव घरात सगळ्यांना ठाऊक, पण उंबऱ्यावर तो कधी आलेला नाही. एक वर्ष कोरडे ठणठणीत, दुसरे धो धो. दोघांची बेरीज करून दोनाने भागले की स्वारी कागदावर प्रगट होते. २०१६ सालचेच घ्या ना! एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाणी पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर पाहुणे उतरवून घ्यायला जातात, आम्ही पाणी उतरवून घेतले. आणि त्याच वर्षी पावसाळा संपता संपता असा काही कोसळला की मांजरा धरण भरले!

माझा भाचा नांदेडला असल्या आकड्यांचे ‘मल्टिफ्रॅक्टल विश्लेषण’ करतो. “काय करायलास रे बाबा?” म्हटले, तर म्हणाला, “मामा, पावसाचा स्वभाव मोजायलोय.” आमच्याकडे स्वभाव फक्त स्थळ बघायला गेल्यावर मोजतात, आणि तोही चुकतो.

हे खूळ मूळचे नाईलकाठचे. हर्स्ट नावाच्या इंग्रज जलतज्ज्ञाने त्या नदीच्या शेकडो वर्षांच्या नोंदी चाळल्या आणि १९५१ साली सांगितले, की ओली वर्षे ओल्यांना धरून येतात, कोरडी कोरड्यांना. पुढे मँडेलब्रॉटने या प्रकाराला बायबलातल्या योसेफाचे नाव दिले (सात वर्षे सुकाळ, सात दुष्काळ), आणि एकाएकी येणाऱ्या पुराला नोहाचे. पण रिमझिमीची चाल निराळी, ढगफुटीची निराळी. एका आकड्यात दोघी नांदत नाहीत. म्हणून दिवस, महिना, वर्ष अशा लहानमोठ्या चाळण्यांतून तीच नोंद गाळायची आणि बारीक चढउतारांचा हिशेब वेगळा, दांडग्यांचा वेगळा ठेवायचा.

आमच्या आजीने हे कॉम्प्युटरविना केले होते. तिच्या लेखी पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. शिवाय पंचांगात नक्षत्रागणिक वाहन : बेडूक, म्हैस, गाढव. भाच्याच्या आलेखात गाढव नाही, एवढाच फरक.

गावाकडचे चुलते सगळे ऐकत होते. “मग बाळा, औंदा मृगात पेरू का?”

भाचा चाचरला. पाऊस कसा वागत आला ते हे गणित सांगते; मंगळवारी येईल का, ते नाही. “पण आबा, तलाव किती मोठा बांधायचा त्याला हे लागतं. नुसती सरासरी धरली तर लागोपाठची कोरडी वर्षं निभत नाहीत.”

“ते आम्हाला ठावं हाय. दुकानदार बियाणाची पिशवी उधार देतो ती एकदाच. मोड करपले तर दुसरी कुठनं आणू?”

भाच्याकडे यावर आलेख नव्हता. चुलत्यांनी खुंटीवरचे पंचांग काढायला लावले आणि मृगाचे वाहन दोनदा वाचून घेतले.