काळे थेंब

लेकीने इटलीतल्या मोदेनाहून बाल्सामिक व्हिनेगरची 100 मिलिलिटरची कुपी आणली. आमच्या बंगळुरूच्या स्वयंपाकघरात मी टोमॅटो चिरले, मीठ लावलं, ऑलिव्ह तेल घातलं. वरून तिने मोजून चार थेंब सोडले.

"हे शिजवायचं नसतं, आई. द्राक्षांचा रस आटवतात आणि लाकडी पिंपांत निदान 12 वर्षं मुरवतात. मुलगी जन्मली की तिच्यासाठी पिंपं भरायची तिथे जुनी रीत आहे."

थेंब काळा, दाट. जिभेवर आधी आंबट, मग गोड. आणि मला आईची बरणी आठवली. लिंबाचं गोड लोणचं, मुरून मुरून काळं झालेलं. तापात तोंडाची चव गेली की मऊ भाताबरोबर त्यातली एक फोड मिळायची. आई गेल्यावर सांगलीचं घर आवरताना मी ती बरणी उघडली, "खराब झालंय" म्हणाले आणि मोरीत ओतली. किती वर्षांचं होतं, हे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

"आवडलं नाही का गं?" लेकीने विचारलं.

"आवडलं," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून पन्नास लिंबं आणली. फोडी करून मीठ लावलं, बरणी भरली आणि तिच्यावर वर्ष लिहून ठेवलं.